छकुलीचा डबा

(शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आपल्या एका गटसदस्य ताईंनी प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले हे भाषण. त्या बोलल्या तसेच, थोडे नीटनेटके करून देत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. पन्नास-साठ पोरांना एका हाकेत पंगतीला बसवते, पण माइक हातात आला की घसा कोरडा पडतो. अध्यक्षताई म्हणाल्या, "तू त्या पोरीचं सांग. गावोगावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आपल्याच बायका आहेत, त्यांच्या कामाला येईल." म्हणून उभी राहिले. पोरीच्या आईला विचारून बोलतेय. पोरीचं नाव मात्र घेणार नाही, तिला आपण छकुली म्हणू. ती चौथीत आहे.

छकुलीला फिट येतात. आपल्याकडे कोणी मिरगी म्हणतं, कोणी फेफरं, कोणी आकडी. ती दुसरीत असताना मी पहिल्यांदा पाहिलं. पाढे म्हणता म्हणता पोरगी आडवी झाली, डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. एका पोरानं चप्पल काढून तिच्या नाकाला लावली आणि मी स्वयंपाकखोलीतून कांदा फोडून पळत आले. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा तेवढंच माहीत होतं.

घरच्यांनी आधी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. लिंबू उतरवलं, गंडा बांधला, अमावास्येच्या फेऱ्या झाल्या. त्यात वर्ष गेलं. मग शाळेत मुलांच्या तपासणीला गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यातल्या डॉक्टर मॅडमनी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. बऱ्याच लेकरांच्या फिट गोळ्यांनी थांबतात, हे आधी सांगते, म्हणजे कोणी गोळ्यांना नावं ठेवायला नको. पण साधारण तिघांतल्या एकाला गोळ्या पुरत नाहीत. दोन बरोबर औषधं, बरोबर मापात देऊनही फिट थांबल्या नाहीत, की डॉक्टर दुसरा मार्ग बघतात. छकुली त्या तिसऱ्यातली निघाली. दिवसाला दोन-तीन फिट. पडून पडून कपाळावर खोक, पुढचा दात गेलेला.

मागच्या गणपतीनंतर तिला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, गोळ्या चालू ठेवायच्या आणि जोडीला आहार बदलायचा. भाकरी बंद, भात बंद, साखर-गूळ बंद. तेल-तूप भरपूर, अंडी, पनीर, पालेभाजी.

छकुलीची आजी गावात येऊन म्हणाली, "डाक्टर हाय का कोन? पोरीला भाकरी बंद केली. उपाशी मारताय व्हय गं?" खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं. भाकरी म्हणजेच जेवण, हे आपल्या रक्तात आहे.

मग पुढच्या खेपेला मी तिच्या आईबरोबर गेले. आईला लिहायला-वाचायला जमतं, पण हिशेब मांडायला घाबरते, आणि गटाचं दप्तर मी लिहिते. तिथल्या आहाराच्या मॅडमनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपण भाकरी, भात, गूळ, केळं, बटाटा काहीही खाल्लं तरी पोटात त्याची साखर होते आणि मेंदू त्या साखरेवर चालतो. ही सगळी पिठूळ आणि गोड वस्तू जवळपास बंद केली आणि तेल-तूप वाढवलं, की यकृत चरबीपासून कीटोन नावाचा पदार्थ तयार करतं. मग मेंदू त्यावर चालायला लागतो. चुलीत लाकडाऐवजी गोवरी घातल्यासारखं समजा. या जळणावर मेंदू चालला की कितीतरी लेकरांच्या फिट कमी होतात. नेमकं कशामुळं कमी होतात, ते शास्त्रज्ञांनाही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण होतात, हे पाहिलेलं आहे. उपास केला की फिट कमी येतात हे लोकांना फार जुन्या काळापासून माहीत होतं. जन्मभर उपाशी कोण राहणार? म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी उपासासारखा परिणाम करणारा हा तेलातुपाचा आहार सुचवला. तो फार कडक होता, कण न् कण तोलून द्यावा लागायचा. २००३ पासून त्याचा जरा सोपा प्रकार आला, त्याला बदललेला ॲटकिन्स आहार म्हणतात. छकुलीला तो दिला आहे.

हे फक्त परदेशातलं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ लेकरांवर याचा अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. सगळ्यांना गोळ्या चालूच होत्या. तीन महिन्यांनी पाहिलं तर हा आहार घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लेकरांच्या फिट अर्ध्यापेक्षा कमी झाल्या होत्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत असं शंभरात अकरा-बारा जणांचंच झालं. म्हणजे सगळ्यांना गुण येतो असं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. मॅडमनी आम्हाला तेच सांगितलं होतं, तीन महिने नेटानं करा, गुण नाही आला तर बंद करू.

आता हिशेब ऐका. आपल्याला हिशेबाची सवय आहे म्हणून सांगते. छकुलीला सुरुवातीला दिवसभरात या पिठूळ-गोड भागाचे फक्त १० ग्रॅम दिले होते. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण ३५ ग्रॅम असतात. म्हणजे भाकरीचा एक चतकोर खाल्ला की दिवसाचा सगळा हिशेब संपला. चमचाभर साखरेत ५. ग्लुकोजच्या एका बिस्किटात ४ च्या आसपास, तीन बिस्किटं म्हणजे दिवस गेला. १०० मिली दुधात ५. मूठभर शेंगदाण्यात ४-५. अंड्यात मात्र एकसुद्धा पुरता नाही.

आणि आपली खिचडी? पहिली ते पाचवीच्या पोराला शासनाच्या मापानं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्या १०० ग्रॅम तांदळातच ७५ च्या वर जातात. छकुलीचा आठवडाभराचा हिशेब एका ताटात! आणि तिला ज्याची गरज, ते तेल ५ ग्रॅम. बाकीच्या पोरांसाठी आपली खिचडी चांगलीच आहे हो, मी माझ्या खिचडीला नावं ठेवत नाही. पण या एका लेकरासाठी ती औषधाच्या उलट काम करते.

शाळेत अडचण इथंच आली. पहिल्या आठवड्यात तिला वेगळं बसवलं. सगळी पोरं व्हरांड्यात पंगतीला आणि ही एकटी वर्गात डबा घेऊन. खिचडी दिसायलाच नको म्हणजे मागणार नाही, असा विचार. विचार वाईट नव्हता, पण पोरगी डबा तसाच परत न्यायला लागली. या आहारात डबा परत जाणं म्हणजेही धोका, कारण मग उपाशी पोटी संध्याकाळी हाताला येईल ते खाते. वर एक-दोन जण म्हणाले, "जबाबदारी नको, काही दिवस घरीच ठेवा."

आम्ही भांडलो नाही. शाळा व्यवस्थापन समिती असते ना, तिच्यात निम्म्या जागा बायकांच्या असतात आणि आपल्या गटाच्या दोघी तिथं आहेत. त्यांनी बैठकीत विषय घेतला. डॉक्टरांची चिठ्ठी, आईचा अर्ज आणि काय द्यायचं-काय नाही याची यादी असे तीन कागद जोडले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा आहे, सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला आजारी आहे म्हणून घरी बसवता येत नाही, हे एका ताईनं शांतपणे सांगितलं. गुरुजी भले माणूस, त्यांना फक्त कोणीतरी बरोबर आहे एवढं हवं होतं. ठरलं ते असं: डबा घरून येणार, मी गरम करून देणार, आणि छकुली पंगतीत बसणार.

पंगतीत बसायचं तर ताट इतरांसारखं दिसायला हवं. हे मला पहिल्याच दिवशी तिच्या नजरेवरून कळलं. मग मी आणि तिच्या आईनं डोकं लढवलं. फ्लॉवर किसणीवर किसायचा, भरपूर तेलात मोहरी, हिंग, हळद घालून परतायचा, वरून तूप आणि ओलं खोबरं. लांबून पाहिलं तर पिवळी खिचडीच! पहिल्यांदा केली तेव्हा शेजारचा पोरगा म्हणाला, "मावशी, हिला जास्त तूप का?" तेव्हा छकुली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

बाकी पदार्थ आपल्याच घरातले आहेत. शेंगदाण्याचं कूट थोडं मोजून, अंड्यात फेटून केलेलं धिरडं. मेथी, पालक, चाकवत, अंबाडी तेल सोडून. दुधी, दोडका, वांगं, काकडी. जवसाची किंवा कारळाची चटणी तेलात कालवून. दुधाऐवजी साय. घरी मटण-मासळी झाली तर रस्स्याला पीठ किंवा डाळं न लावता तिची वाटी आधी बाजूला काढायची. कांदा आपण मूठमूठ घालतो, तोही मोजावा लागतो, ते सुरुवातीला लक्षात येत नाही. श्रावणात त्यांच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून यंदाच्या श्रावणासाठी पनीर घरीच करायला आई आत्ताच शिकली आहे. उपासाचं म्हणून साबुदाणा आणि रताळं दिलं तर मात्र सगळं मुसळ केरात.

न दिसणारी साखर वेगळीच. खोकल्याचं आणि तापाचं पातळ औषध गोड असतं. चघळायच्या गोळ्या गोड असतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी आहाराचं कार्ड दाखवायचं, मग ते बिनसाखरेचं किंवा साध्या गोळीचं औषध लिहून देतात. ताप-उलट्या झाल्या तर घरी थांबायचं नाही आणि सलाईन लावण्याआधीही कार्ड दाखवायचं. काय लावायचं ते डॉक्टर ठरवतील, आपण फक्त सांगायचं.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं, ते सांगते.

तीन महिने झाले तेव्हा छकुलीच्या फिट दिवसाला दोन-तीनवरून आठवड्याला दोनवर आल्या होत्या. जानेवारीत तर सलग एकोणीस दिवस एकही नाही. तिची आई एका वहीत रोज लिहायची, काय खाल्लं, फिट आली का, किती वेळ होती, आणि लघवी तपासायच्या पट्टीचा रंग किती जांभळा झाला. पट्टी जांभळी झाली म्हणजे अंगात कीटोन तयार होतायत.

२६ जानेवारी. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली. छकुलीला तिच्या आईनं वेगळा लाडू दिला होता, तीळ, खोबरं आणि तूप, गूळ न घालता. तो ती खात नव्हती. बुंदीच्या घमेल्याकडे बघत उभी. पोरं बोटं चाटत होती. माझ्या पोटात कालवलं. मनात म्हटलं, एवढ्याशा बुंदीनं काय होतंय, वर्षाचा सण आहे. भांडी घासायच्या निमित्तानं तिला स्वयंपाकखोलीत बोलावलं आणि एक मूठ बुंदी तिच्या हातावर ठेवली. "कुणाला सांगू नको," असंही म्हणाले.

रात्री तिला फिट आली. पहाटे दुसरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी, ती मोठी होती.

तिची आई शाळेत विचारायला आली. काल काही वेगळं खाल्लं का? गुरुजी म्हणाले नाही. पोरं म्हणाली नाही. मी पातेलं घासत होते, मी मान वर केली नाही. छकुलीही बोलली नाही, कारण मीच तिला सांगितलं होतं. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी कळलं, आईनं दवाखान्यात फोन केला होता, खाण्यात काही चूक नाही म्हणून सांगितलं होतं, आणि गोळीचा डोस वाढवायचा का ते बघायला त्यांनी बोलावलं होतं. त्या गोळीनं पोरगी आधीच दिवसभर पेंगायची.

मग मी रात्री त्यांच्या घरी गेले. आजी, आई, बाप सगळे होते. सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं होतं आई बोलेल, भांडेल. ती उठली, वही आणली, २६ तारखेचं पान काढलं. तिथं तिनं लिहिलं होतं, "सगळं बरोबर दिलं." ती ओळ तिनं खोडली नाही. खाली लिहिलं, "शाळेत बुंदी, एक मूठ." मला म्हणाली, "मावशी, तुम्ही दिली त्याचं एवढं वाटत नाही. पण दोन दिवस मी विचार करत होते की हे सगळं फुकटच गेलं का. उद्यापासून पोरीला भाकरी देणार होते."

दवाखान्यात तिनं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अशी चूक झाली की फिट परत येऊ शकतात. डोस वाढवला नाही, आहार पुन्हा नीट सुरू करायला सांगितला. पट्टी परत जांभळी व्हायला काही दिवस गेले.

तेव्हापासून मी एक काम करते. स्वयंपाकखोलीच्या भिंतीला दोऱ्यानं एक छोटी वही टांगली आहे. छकुलीनं शाळेत काय खाल्लं, किती उरवलं, कोणी काय दिलं, ते मी लिहिते. चूक झाली तर चूक लिहिते. संध्याकाळी पान आईला दाखवायचं. चूक करणाऱ्याला कोणी रागवायचं नाही, हे आम्ही ठरवलं आहे, कारण रागवलं की कोणी सांगत नाही. त्यानंतर दोनदा चूक झाली. एकदा वाढदिवसाचं चॉकलेट, एकदा मित्राच्या डब्यातली पुरी. दोन्ही वेळा पोरांनी स्वतः येऊन सांगितलं, कारण गुरुजींनी वर्गाला समजावून सांगितलं होतं. पोरं आपल्यापेक्षा लवकर शिकतात बघा. आता वर्गात वाढदिवस असला की खाऊऐवजी पेन्सिल वाटतात. देवळातल्या गुरवांना सांगितलं, तर ते तिच्या हातावर साखरेऐवजी नारळाचा तुकडा ठेवतात. आजीची सगळ्यात मोठी अडचण प्रसादाची होती, ती तिथं मिटली. हळदीकुंकवाला तिळगुळाचा प्रश्न आला, तेव्हा आजीच म्हणाली, "हिला नुसते तीळ द्या आनि गोड बोला."

पैशाचं बोलते, कारण ते न बोलता हे काम होत नाही. भाकरी स्वस्त आहे, तूप-अंडी-पनीर महाग. तीन अंडी रोज, वर तेल-तूप, वर पट्ट्या, वर शहरापर्यंतचं भाडं. बाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो. आमच्या गटानं अंतर्गत कर्जातून आईला आठ कोंबड्या घेऊन दिल्या. अंडी पोरीला, उरलेली विकून हप्ता. दोन कोंबड्या मुंगसानं नेल्या, तो हप्ता आम्ही पुढं ढकलला. शहराच्या फेरीला गटातली एक जण सोबत जाते, पाळीपाळीनं. मदत म्हणून एकदा पैसे देणं सोपं असतं, पण हे काम एकदाचं नाही. गुण आला तर साधारण दोन वर्षं हा आहार चालतो, मग डॉक्टर तो हळूहळू सोडवतात.

आता दोन-तीन गोष्टी बजावून सांगते.

मोबाइलवर भाकरी सोडा, भात सोडा असे व्हिडिओ फिरतात. ते बघून कोणी आपल्या लेकराला हा आहार सुरू करू नका. काही लेकरांना जन्मजात असा दोष असतो की चरबी त्यांच्या अंगाला पचवता येत नाही, त्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी तपासण्या करतात. सुरू केल्यावरही मुतखडा होऊ शकतो, पोट घट्ट होतं, रक्तातली चरबी वाढते, उंची-वजन मागे पडू शकतं. छकुलीला पाणी सारखं प्यावं लागतं, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या वेगळ्या आहेत, ठरलेल्या महिन्यांनी रक्त तपासतात. आणि फिटच्या गोळ्या आपल्या मनानं कधीही बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर लागोपाठ फिट येतात.

दुसरं, याची आणि साखरेच्या आजाराची गल्लत करू नका. लहान लेकरांना जो मधुमेह होतो, त्यात रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. असं लेकरू शाळेत घामाघूम झालं, थरथरायला लागलं, बडबडायला लागलं, तर त्याची साखर खाली गेलेली असते आणि शुद्धीत असेल तर त्याला लगेच साखर द्यावी लागते. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. एका लेकराला साखर नको, दुसऱ्याला साखर त्या क्षणी हवी. म्हणून आपल्या शाळेत कोणतं लेकरू कोणत्या आजाराचं आहे, हे खिचडी शिजवणाऱ्या बाईला माहीत असलंच पाहिजे. आपल्याला कोणी सांगत नाही, तर आपण विचारायचं.

आणि फिट आली तर काय करायचं ते. चप्पल नाही, कांदा नाही, किल्ली नाही, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं दगड, बाक, भांडं बाजूला करा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याजवळचं बटण सैल करा, कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर जाईल. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन. पोरांची गर्दी हटवा. लेकराला जाग आल्यावर आपण कुठं पडलो, कपडे ओले झाले का, याचीच लाज वाटते. मी स्वयंपाकखोलीत तिचा एक जादा फ्रॉक ठेवला आहे.

आज छकुली कशी आहे? सहा महिने झाले. मागच्या महिन्यात तीन फिट आल्या. बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण पेंगत नाही, पाढे म्हणते, तेरापर्यंत येतात. डॉक्टरांनी १० ग्रॅमचे १५ केले आहेत. त्या ५ ग्रॅमचं काय खायचं ते तिलाच विचारलं. ती म्हणाली, टोमॅटोची कोशिंबीर, दही घालून. मला वाटलं होतं काहीतरी गोड मागेल.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनपासून छकुली पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत जाणार. तिथं तीनशे पोरं आहेत, तिला कोणी ओळखत नाही, आणि मी तिथं नसणार. आई म्हणते, वर्षभर घरीच ठेवू का? मी म्हटलं, जरा थांब, आधी मला सभेत बोलू दे. त्या शाळेत आहार शिजवणारा गट आपल्याच प्रभागसंघातला आहे. त्या ताई आज आल्यात का? मागं बसलात? या ना पुढं. भिंतीवरची वही मी बरोबर आणली आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस तुम्ही आमच्याकडं या, डबा कसा भरायचा ते आपण तिच्या आईबरोबर बसून बघू. किसणी मी देते, तुमच्याकडं बारीक नसेल तर.